बटणांचा जर्मन बाजा

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तारांचीं वाद्यें तीं तत, वाऱ्यानें वाजणारीं तीं सुषिर, चामड्यानें मढविलेलीं तीं अवनद्ध, आणि टाळ-झांजांसारखीं धातूचीं तीं घन. ही व्यवस्था इतकी चोख आहे कीं, जगांतील बहुतेक वाद्यें तींत निमूटपणें आपापल्या जागीं जाऊन बसतात. एक वाद्य मात्र उंबरठ्यावर थबकतें. वाऱ्यावांचून तें बोलत नाहीं, म्हणून त्यास सुषिर म्हणावें, तर त्याचा ध्वनि पोकळींतून निघत नाहीं, धातूच्या पत्तीच्या कंपांतून निघतो. बरें, घन म्हणावें, तर त्यावर आघात असा कोणी करीत नाहीं. तें वाद्य म्हणजे अॅकॉर्डिअन. आपल्या घरोघरच्या बाजाच्या पेटीचें हें परदेशांत वाढलेलें भावंड होय. त्यांतही पियानोसारख्या पट्ट्यांचें जें अॅकॉर्डिअन आपल्याकडे वाद्यवृंदांत दिसतें तें नव्हे, तर त्याहून जुनें आणि साधें असें बटणांचें जर्मन अॅकॉर्डिअन, याविषयीं आज वाचकांशीं चार गोष्टी बोलण्याचा विचार आहे. असलें जुनें वाद्य विकत घेतांना काय पाहावें, तें हातीं कसें धरावें, आणि घेतल्यावर त्याचें काय करूं नये, हा या लेखाचा विषय आहे. यांतील शेवटचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रथम या वाद्याचा प्राण कोणता तें पाहूं. पेटी दुरुस्त करणारे कारागीर ज्याला ‘सूर’ किंवा ‘रीड’ म्हणतात, ती धातूची पातळ पत्ती हाच तो प्राण. तिचें एक टोक पक्कें बसविलेलें असतें, दुसरें मोकळें; आणि तिच्याखालीं बरोबर तिच्याच आकाराची खांच असते. वारा लागला कीं पत्ती त्या खांचेंतून आंतबाहेर झुलूं लागते व सूर निघतो. ही युक्ति मूळची पूर्वेकडची. चीन देशांतील ‘शेंग’ या प्राचीन वाद्यांत, बांबूच्या नळ्यांच्या बुडाशीं, अशाच मोकळ्या पत्त्या असतात. युरोपांत या तत्त्वाला बहर आला तो एकोणिसाव्या शतकांत. मे १८२९ मध्यें व्हिएन्ना शहरांतील सिरिल डेमियन या आर्मेनियन वंशाच्या कारागिरानें आपल्या मुलांसह एका लहानशा हातवाद्याचें एकस्व मिळविलें. एक पट्टी दाबली कीं एक अख्खा स्वरमेळ निघावा अशी त्याची रचना होती. स्वरमेळास जर्मन भाषेंत ‘आकोर्ड’ म्हणतात. त्यावरून ‘अॅकॉर्डिअन’ हें नांव पडलें.

पुढें या कल्पनेचें पीक आलें तें मुख्यतः जर्मनींत. केम्निट्स येथें कार्ल फ्रीडरिश उलिग यानें १८३४ सालीं जर्मन कॉन्सर्टिना बनविली. क्रेफेल्ड येथील हाइनरिश बांड याच्या नांवावरून बँडोनिअन हें तिचें मोठें भावंड प्रसिद्धीस आलें. सॅक्सनींत, बोहेमियाच्या सीमेला लागून असलेल्या क्लिंगेनटाल गांवीं १८५२ च्या सुमारास अॅकॉर्डिअनें होऊं लागलीं, आणि पाहतां पाहतां त्या डोंगराळ मुलुखांतील घराघरांत पत्त्या घासणें, भाते चिकटविणें, बटणें बसविणें हा कुटुंबाचा धंदा होऊन बसला. शेजारचें मार्कनॉयकिर्शेन हें गांव व्हायोलिनांचें. म्हणून त्या सगळ्या प्रदेशासच लोक ‘संगीताचा कोपरा’ म्हणूं लागले. तिकडे दक्षिणेंत ट्रॉसिंगेन येथें माथियास होनर या घड्याळजीनें १८५७ सालीं तोंडानें वाजविण्याच्या हार्मोनिका करण्यास आरंभ केला. त्याच्या वारसांनीं १९०३ पासून अॅकॉर्डिअनेंही काढलीं.

हें वाद्य राजदरबारचें कधींच नव्हतें. जर्मन लोक त्यास थट्टेनें ‘खलाशाचा पियानो’ आणि ‘दाबावयाचें कपाट’ म्हणतात. किंमत बेताची, आवाज खणखणीत, एका हातीं चाल आणि दुसऱ्या हातीं तिची साथ, आणि गलबतावर वा खाणीजवळच्या झोंपडींत कोठेंही सोबत नेण्याजोगें. मग तें गरिबाच्या खांद्यावर बसून जगभर गेलें यांत नवल तें काय! अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतीं फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांनीं ‘मोनार्क’ आणि ‘स्टर्लिंग’ या छापांचे काळे जर्मन बाजे जिवाभावाचे मानले. जो फॉल्कन व क्लेओमा ब्रो यांनीं १९२८ सालीं त्या लोकांचें पहिलें ध्वनिमुद्रित गाणें दिलें, त्यांत हेंच वाद्य वाजतें. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन माल बंद झाला, तेव्हां तेथील कारागीर जुने बाजे उघडून त्यांबरहुकूम नवे घडवूं लागले. अर्जेंटिनांत कार्ल्सफेल्ड गांवच्या आल्फ्रेड आर्नोल्ड यांच्या कारखान्यांतील बँडोनिअन टँगो संगीताचा आत्मा होऊन बसला. अनिबाल त्रोइलो आणि आस्तोर पियात्सोला हे त्याचे थोर वादक. ज्या गांवांत तें वाद्य जन्मलें तेथील कारखाना युद्धानंतर सरकारजमा झाला. परंतु सात समुद्रांपलीकडे त्याचा आवाज घुमतच राहिला.

आपल्या देशांत बटणांचें अॅकॉर्डिअन फारसें रुजलें नाहीं, कारण त्याची जागा पेटीनें आधींच घेतली होती. पॅरिसमध्यें १८४० च्या दशकांत देबें यानें पायानें भाता चालविण्याचें हार्मोनियम रूढ केलें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यास मांडी घालून वाजवितां येईल असें हातभात्याचें रूप दिलें. महाराष्ट्राच्या रंगभूमीनें तर या पेटीला माहेरच दिलें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतानें तिला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती सर्वश्रुत आहे. तरीही १९४० सालीं नभोवाणीनें पेटीस आपल्या दारांतून बाहेर काढलें, तें तहत १९७१ पर्यंत. आक्षेप असा कीं, हिचे सूर ठाम बसविलेले. त्यांना श्रुति नाहीं, मींड नाहीं. हा आक्षेप बटणांच्या बाजास दुपटीनें लागू पडतो, हें पुढें दिसेलच.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींत लाइप्झिग येथें राहतात. गेल्या उन्हाळ्यांत त्यांच्याकडे तीन महिने राहण्याचा योग आला. तेथील विद्यापीठाचें वाद्यसंग्रहालय पाहतांना आमचा अकरा वर्षांचा नातू एका कांचेच्या कपाटासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “आजोबा, ही तर आपली पेटी! पण उभी!” त्या दिवसापासून असा एखादा बाजा मिळवावा हें आमच्या मनानें घेतलें. जर्मनींत जुन्या वस्तूंचे जे बाजार भरतात त्यांस तेथें ‘पिसवांचा बाजार’ असें गमतीचें नांव आहे. अशा तीन बाजारांत हिंडून, अनेक बाजे उघडून-मिटून पाहून, एकेरी रांगेचा, दहा बटणांचा, काळ्या लाकडाचा एक बाजा आम्हीं ९० युरोंस घेतला.

घेतांना ज्या परीक्षा केल्या त्या वाचकांच्या उपयोगीं पडतील. पहिली परीक्षा भात्याची. भात्याचे पट्टे सोडावे, कोणतेंही बटण न दाबतां बाजा एका बाजूनें उचलून धरावा, आणि दुसरी बाजू स्वतःच्या भारानें किती वेगानें खालीं येते तें पाहावें. सावकाश उतरली तर भाता शाबूत; धप्पकन पडली तर कोठें तरी वारा गळतो. भाता पुठ्ठ्याचा आणि त्याचे कोपरे पातळ कातड्याचे असतात. गळती बहुधा त्या कोपऱ्यांतूनच असते. दुसरी परीक्षा सुरांची. प्रत्येक बटण एकदां भाता दाबून व एकदां ओढून वाजवून पाहावें, कारण दोन्ही वेळां निराळी पत्ती बोलते. एखादी मुकी असेल तर केवळ धूळ अडकलेली असूं शकेल. परंतु चिरकत असेल तर पत्तीला तडा गेला असण्याचा संभव असतो. तिसरी परीक्षा नाकाची. कुबट वास आला कीं समजावें, बाजा ओलाव्यांत राहिला आहे आणि आंत पोलादी पत्त्यांना गंज धरला आहे. चौथी परीक्षा मेणाची. बहुतेक बाजांत पत्त्यांच्या तबकड्या मेण आणि राळ यांच्या मिश्रणानें बसविलेल्या असतात. दहा दशकांत तें मेण ठिसूळ होतें. बाजा हलकेच हालविल्यावर आंत खडखड झाली तर एखादी तबकडी सुटली आहे असें समजावें.

वाद्याचें वय कसें ओळखावें? कारखानदाराचें नांव पुष्कळदां नसतेंच. परंतु खुणा असतात. परदेशी मालावर मूळ देशाचें नांव असावें असा कायदा ब्रिटननें १८८७ मध्यें केला. म्हणून ‘मेड इन जर्मनी’ अशी अक्षरें असलेलें वाद्य बहुधा त्यानंतरचें. ‘डी. आर. जी. एम.’ ही खूण १८९१ सालीं सुरू झालेल्या सरकारी नोंदणीची. ती असली म्हणजे वाद्य त्यापूर्वींचें नाहीं हें निश्चित. ‘डी. डी. आर.’ असेल तर तें पूर्व जर्मनीच्या राजवटींतलें, म्हणजे १९४९ ते १९९० या काळांतलें. आमच्या बाजावर यांपैकीं दुसरी खूण होती.

खरेदी झाली, तरी खर्च संपत नाहीं, हें घेणारानें आधींच गृहीत धरावें. क्लिंगेनटालच्या बाजूस एक वृद्ध कारागीर आहेत. बाजा त्यांच्याकडे नेला. त्यांनीं तो उघडून आंतील रचना दाखविली तेव्हां शाळेंत पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या एखाद्या गुरुजींपुढें बसल्यासारखें वाटलें. प्रत्येक तबकडीच्या दोन्ही अंगांना एकेक पत्ती, एक दाबण्याची व एक ओढण्याची. आणि जिची पाळी नसेल तिच्याकडचा वारा अडवून धरणारी कातड्याची एक चिमुकली झडप. त्या झडपा सुकून वळल्या होत्या; त्या बदलावयाच्या, गंज काढावयाचा, मेण नवें घालावयाचें. खर्च बाजाच्या किंमतीच्या दुप्पट. तेवढें ठरलें, आणि मग त्यांनीं खरा प्रश्न विचारला : सूर आजच्या मापाला आणावयाचे काय?

हा प्रश्न काय आहे तें नीट समजून घेतलें पाहिजे. आज जगभर ‘ए’ या स्वराचीं सेकंदास ४४० कंपनें धरतात. हा ठराव लंडनच्या परिषदेंत १९३९ सालीं झाला. त्याआधीं, १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेच्या ठरावानुसार, ४३५ हें माप पुष्कळ ठिकाणीं चालत असे. आमचा बाजा जवळजवळ त्या जुन्या मापाचा निघाला. म्हणजे आजच्या वाद्यांहून सुमारें एक-पंचमांश अर्धस्वर खालीं. पत्तीचा सूर चढवावयाचा तर तिचें मोकळें टोक घासून हलकें करतात. उतरवावयाचा तर बुडाशीं घासून ती लवचीक करतात. दोन्ही उपायांत पोलाद कमीच होतें. म्हणजे ही दुरुस्ती एकदां केली कीं कायमची. घासलेलें पोलाद परत येत नाहीं. शिवाय आमच्या बाजांत एका बटणामागें दोन पत्त्या, आणि त्यांतली एक दुसरीहून किंचित् चढी. एकीचीं ४३५ व दुसरीचीं ४३८ कंपनें असलीं तर सेकंदास तीन लाटा ऐकूं येतात. त्या वाद्याच्या आवाजांत जो थरथरता गोडवा आहे तो याच लाटांचा. शंभर वर्षांपूर्वीं कोणा अज्ञात हातानें, कदाचित् घरच्या चुलीशेजारीं बसून, केवळ कानाच्या आधारानें तो थरथराट बसविला होता. तो घासून टाकावा काय?

उलट बाजूही तितकीच सबळ होती. नातू शाळेंत लाकडी अलगुज वाजवितो, तें ४४० च्या मापाचें. आजोबांनीं बाजा घ्यावा आणि आपण दोघांनीं मिळून वाजवावें, ही त्याची सारी हौस. त्याचें मराठी मोडकें, आमचें जर्मन त्याहून मोडकें. दोघांनाही अस्खलित बोलतां येईल अशी भाषा एवढीच उरलेली. बाजा जुन्या सुरांत ठेवला तर अलगुजाशीं तो भांडणार, आणि संग्रहालयांतल्या कपाटासारखा दुरून पाहण्याचा होणार. जुन्या वस्तूचा मान राखावा कीं जिवंत मुलाचा? आम्हीं कारागिरांकडे आठ दिवसांची मुदत मागितली.

निकाल लागला तो अलगुजाकडून. नातवाच्या शिक्षिकाबाईंना विचारलें असतां त्यांनीं सांगितलें कीं, अलगुजाचें तोंडाकडचें पेर किंचित् बाहेर ओढलें कीं नळी लांबते व सूर उतरतो. एवढा फरक त्यांत सहज सामावेल. आणि ते पेर पुन्हां आंत सारलें कीं अलगूज पूर्ववत्! म्हणजे ज्याला परत येतां येतें त्यानें दोन पावलें सरकावें, ज्याला येत नाहीं त्यास सरकवूं नये. कारागिरांना तसा निरोप दिला : जे सूर आपसांत बिघडले आहेत तेवढेच जुळवावे, माप जुनेंच राहूं द्यावें. जुनें वाद्य घेणाऱ्या प्रत्येकास आमचें हेंच सांगणें आहे. झडप, मेण, कातडें हीं बदलावयाचींच असतात. पत्तीला कानस लावण्यापूर्वीं मात्र दहादां विचार करावा.

आतां वादनाविषयीं. पेटीवाल्यास प्रथम चकित करते ती गोष्ट अशी कीं, येथें एकाच बटणांतून दोन स्वर निघतात. भाता दाबला तर एक, ओढला तर दुसरा. तिसऱ्या बटणावर दाबून सा, ओढून रे. चौथ्यावर दाबून ग, ओढून म. पांचव्यावर दाबून प, ओढून ध. इथवर सरळ आहे. परंतु सहाव्यावर क्रम उलटतो : ओढून नी आणि दाबून वरचा सा. म्हणजे ध आणि नी हे लागोपाठ ओढून घ्यावयाचे. दाबतांना कोणतींही बटणें एकत्र धरलीं तरी सा, ग, प हेच स्वर निघतात. त्यामुळें नवशिक्याचाही सूर कर्कश होत नाहीं. डाव्या हाताला मंद्र स्वर आणि स्वरमेळ देणारीं दोन बटणें, आणि आंगठ्याशीं केवळ वाऱ्याचें एक. हें शेवटचें बटण निरुपयोगी समजूं नये. चाल म्हणतांना भाता मिटत आला तर त्यानें मुकाट्यानें वारा भरून घेतां येतो. पूरक, रेचक आणि कुंभक यांचा हिशेब ज्यानें प्राणायामांत केला असेल त्यास या वाद्याचें मर्म लवकर उमगेल, कारण येथें बोटांपेक्षां श्वासाचा विचार अधिक करावा लागतो. भाता हा तालही देतो. दिशा बदलतांना जो हलका झटका बसतो त्यामुळें या वाद्यावरच्या नाचाच्या चाली ठसक्यानें पाऊल टाकतात.

यावर आपलें संगीत वाजेल काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर फार थोडें. सगळे स्वर शुद्ध, बिलावल थाटाचे. कोमल नाहींत, तीव्र मध्यम नाहीं. खालच्या सप्तकांत तर म आणि ध यांचीं बटणेंच नाहींत. एक गंमत मात्र आम्हांस सांपडली. प्राचीनांनीं मूर्च्छनाभेद म्हणून जो सांगितला आहे त्याप्रमाणें मध्यमास षड्ज मानून निघालें कीं नी हा तीव्र मध्यम होतो आणि यमनाचे सातही स्वर हातीं येतात. परंतु डावा हात आपलाच मूळचा षड्ज धरून बसतो, तेव्हां तो स्वस्थ ठेवावा लागतो. आणि मींडेवांचून यमन म्हणजे नुसता त्याचा सांगाडा. म्हणून आम्हीं तो नाद सोडला, आणि नातवाच्या पुस्तकांतील त्या मुलुखाच्या साध्या चाली बसविल्या. दुसऱ्याच्या घरीं गेल्यावर त्याच्या पंगतीला त्याचें अन्न जेवावें, हेंच शोभतें. तेथें रविवारीं आणि रात्रीं दहानंतर शेजाऱ्यांस त्रास होईल असें कांहीं वाजवावयाचें नाहीं, हा शिरस्ताही आम्हीं पाळला.

निघतांना बाजा पुण्यास आणावा कीं नाहीं याचा विचार झाला. आपला पावसाळा पोलादी पत्तीचा वैरी; आणि मेण सुमारें ६२ अंशांस वितळत असलें तरी त्याच्या पुष्कळ आधींच मऊ पडून तबकड्या ढळूं लागतात. उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत बाजा ठेवणें म्हणजे त्याचा घातच. ज्यांनीं असा बाजा इकडे आणला असेल त्यांनीं तो ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह पेटींत ठेवावा, आणि एक गोष्ट विसरूं नये : १९२० नंतरच्या पुष्कळ बाजांवर मोत्यासारखें चमकणारें जें आवरण असतें तें सेल्युलॉइडचें असूं शकतें, आणि तें भडकन पेटतें. दसऱ्याच्या दिवशीं वाद्यांची पूजा अवश्य करावी, पण निरांजन या वाद्यापासून दूर ठेवावें.

आमचा बाजा लाइप्झिगलाच राहिला. त्याला तेथली हवा मानवते, दुरुस्तीचा हात जवळ आहे, आणि वाजविणाराही आहे. अर्जेंटिनानें २००९ सालीं कायदा करून जुन्या बँडोनिअनांस राष्ट्रीय वारशाचें संरक्षण दिलें, कारण परदेशी गिऱ्हाइकें तीं विकत घेऊन नेत होतीं. कायद्यानें वस्तु देशांत राहते हें खरें. परंतु झडप वळूं नये, पत्ती गंजूं नये आणि भाता ताठूं नये यासाठीं तिच्यांतून रोज वारा फिरावा लागतो, तो कायदा कोठून आणणार? दिवसांतून पाव घटका पुरे. रविवार सोडून रोज संध्याकाळीं ती पाव घटका नातू बाजाला देतो, आणि महिन्यांतून एकदां फोनवर आम्हांस ऐकवितो. आम्ही इकडे पेटी काढून साथ करूं पाहतों. पण पेटीचे सूर वरच्या मापाचे, आणि पेटीचें पेर कांहीं बाहेर ओढतां येत नाहीं. म्हणून तूर्त आम्ही नुसते ऐकतों.